मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये सीएनएचसी नोंदणीकृत थेरपिस्टविरुद्ध तक्रार

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. ताईची स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे. झोप लागावी, मळमळीचा त्रास जरा विसरावा म्हणून ती एका रिफ्लेक्सॉलॉजिस्टकडे, म्हणजे तळपायांवरचे ठरावीक बिंदू दाबून उपचार करणाऱ्या बाईंकडे, जाते. तिला तिथे खरंच बरं वाटतं आणि तिच्या डॉक्टरांचीही हरकत नव्हती. पण गेल्या वेळी त्या बाईंनी सांगितलं, "पुढची केमो लांबवा, आधी शरीर आतून साफ होऊ दे." त्यांच्या पत्रकावरही 'गाठी विरघळतात' असं छापलंय. ताई आता डळमळली आहे आणि माझ्या जिवाला घोर लागलाय.

बाईंचं नाव कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिलच्या, म्हणजे सीएनएचसीच्या, यादीत आहे. ही संस्था असे पूरक उपचार करणाऱ्यांची नोंदणी करते. ताई म्हणते, "सरकारी नोंदणी आहे, उगाच कशाला काही सांगतील?" ही नोंदणी नेमकी कशाची हमी देते? तक्रार केली तर कौन्सिल त्यांचं काम बंद करू शकते का? रिफ्लेक्सॉलॉजी खरी की खोटी, हा वाद इथे नको, प्लीज.

प्रतिसाद:

तक्रारीचं नंतर बघू. आधी ताईंच्या कॅन्सर नर्सला फोन करून हे सगळं सांगा, आजच. केमोची तारीख हुकता कामा नये.

आता नोंदणी. सीएनएचसी २००८ साली सरकारी पाठबळाने सुरू झाली, पण तिथली नोंदणी ऐच्छिक आहे, कायद्याने सक्तीची नाही. २०१३ मध्ये तिच्या यादीला प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटीची, म्हणजे अशा नोंदणी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, मान्यता मिळाली. यादीत नाव असणं म्हणजे प्रशिक्षण ठरलेल्या दर्जाचं, विमा काढलेला, आचारसंहिता मान्य केलेली. हे कमी नाही, नोंदणी नसलेल्या माणसाकडे जाण्यापेक्षा कितीतरी बरं. पण उपचाराने गाठ विरघळते, असा शिक्का त्यातून मिळत नाही. ताईंना एवढं नक्की समजावा.

तक्रार जरूर करा. ताईंच्या आजाराची माहिती त्यात जाणार, तेव्हा त्यांची संमती घ्या. बाई काय बोलल्या ते तारखेसह आत्ताच लिहून ठेवा. सीएनएचसी चौकशी करून नाव यादीतून काढूही शकते. मात्र त्यानंतरही त्या काम चालू ठेवू शकतात, कारण 'रिफ्लेक्सॉलॉजिस्ट' ही पाटी कुणीही लावू शकतं. ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर (हाताने सांधे, स्नायू आणि मणक्यांवर उपचार करणारे) यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी १९९३ आणि १९९४ चे स्वतंत्र कायदे आहेत आणि नोंदणीशिवाय ते नाव लावणं गुन्हा ठरतो. मला विचाराल तर हा फरक प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

पत्रकाचा मुद्दा जास्त भक्कम आहे. कर्करोगावर उपचार करतो अशी लोकांसाठी जाहिरात करायला १९३९ च्या कॅन्सर अ‍ॅक्टने बंदी आहे. त्याची तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे, जाते. मूळ पत्रक जपून ठेवा आणि बाईंच्या वेबसाइटवर तसंच काही असेल तर त्याचे स्क्रीनशॉट आधी घ्या, मग तक्रार पाठवा.