रोझमेरीचं तेल, पाणी आणि कॅप्सूल: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-१०१ काकू:
सर्वांना नमस्कार 🙏 बहिणीकडून एक मेसेज आलाय. रोझमेरीचा अर्क रोज घेतला की विसरभोळेपणा जातो, गेलेले केस परत येतात, साखर आटोक्यात राहते, सांधे दुखत नाहीत. आमच्या ह्यांना हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, परवा दुधाचे पैसे दोनदा दिले. मागवू का? कोणी वापरलंय का?

ए-५०२ सायली:
काकू, मीही हेच विचारणार होते. बाळ चार महिन्यांचं झालं आणि माझे केस पुंजक्यांनी गळताहेत. न्हाऊन झालं की मोरीच्या जाळीवरचे केस बघून रडू येतं. सगळ्या जणी रोझमेरीचं पाणी मारतात म्हणे. बाळ अंगावर पितंय, मला चालेल का?

बी-६०३ निखिल:
मी रोझमेरी एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल मागवल्यात. अँटिऑक्सिडंट म्हणून. अजून बाटली उघडली नाहीये.

डी-४०४ अमृता:
आमच्याकडे डिफ्यूझरमध्ये रोझमेरी तेलाचे थेंब टाकते रात्री. पिल्लूला सर्दी आहे ना, नाक मोकळं होतं म्हणतात. कालपासून त्याच्या छातीलाही थोडं चोळतेय.

सी-१०१ काकू:
मेधाताई, तुम्ही फार्मसी कॉलेजात हेच शिकवायचात ना? सांगा बाई काहीतरी.

बी-२०४ मेधाताई:
सांगते. पण आधी अमृता. पिल्लू दोन वर्षांचाही नाहीये ना? मग ते तेल आजपासून त्याच्या छातीला, नाकाजवळ, उशीवर, कुठेही नको आणि त्याच्या खोलीत डिफ्यूझरही नको. रोझमेरीच्या तेलात कापूर असतो. देवापुढे लावतो त्यातला मुख्य घटक तोच. शिवाय सिनिओल असतं, निलगिरी तेलात असतं ते. इतक्या लहान मुलांचा श्वास अशा उग्र वासाने घुसमटू शकतो, आणि तेल पोटात गेलं तर कापरामुळे आकडी येऊ शकते. त्यासाठी फार तेल लागत नाही. बाटली त्याचा हात पोचणार नाही अशा बंद कपाटात ठेव. सर्दीसाठी नाकात सलाइनचे थेंब पुरतात, ते तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारून घे. आणि कोणी बाळाच्या गळ्यात किंवा उशीखाली कापराची पोटली ठेवत असेल तर तीही आजच काढा.

डी-४०४ अमृता:
बापरे. डिफ्यूझर बंद केला. छाती कोमट पाण्याने पुसून घेतली. थँक्यू ताई.

बी-२०४ मेधाताई:
छान केलंस. पिल्लू खेळतोय ना नेहमीसारखा? मग घाबरू नकोस. धाप लागली किंवा फार सुस्त वाटला तरच लगेच दवाखाना.

आता बाकीच्यांसाठी जरा लांब लिहिते, वाचा मात्र सगळं.

रोझमेरी म्हणून आपण जे विकत घेतो त्या मुळात वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. स्वयंपाकात घालतो ते पान. पानं वाफवून काढलेलं सुगंधी तेल, त्यात कापूर, सिनिओल, पायनीन असली उडून जाणारी द्रव्यं. आणि निखिलच्या कॅप्सूलमध्ये आहे तो अर्क: वाळलेली पानं इथेनॉल, अ‍ॅसिटोन असल्या द्रावकात किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मुरवून काढलेला. त्यातली कामाची द्रव्यं म्हणजे कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल. ती तेलात जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे तेलावर झालेला प्रयोग दाखवून कॅप्सूल विकणं चूक, आणि अर्कावरचा दाखवून केसांचं पाणी विकणंही चूक.

रोझमॅरिनिक आम्ल म्हणून आणखी एक द्रव्य आहे. इटलीतल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते १९५८ मध्ये रोझमेरीतून वेगळं काढलं. पण ते काही तिची मक्तेदारी नाही. आपली तुळस, पुदिना, भजी करतो ते ओव्याचं पान, ही सगळी तिची भावंडं, एकाच कुळातली. त्यांच्यातही ते सापडतं.

ए-३०१ आजोबा:
मेधाताई, नातवाने जर्मनीहून सॉसेजचं पाकीट आणलं होतं. त्यावर ई ३९२ लिहिलेलं. तो म्हणाला ही रोझमेरीच आहे. खरं का?

बी-२०४ मेधाताई:
अगदी खरं. अर्काचं सगळ्यात भक्कम, पुरावा असलेलं काम तेच आहे: तेलकट पदार्थ खवट होऊ न देणं. युरोपात २०१० मध्ये त्याला अन्नात घालायचं मिश्रक म्हणून परवानगी मिळाली, ई ३९२ हा त्याचाच क्रमांक. पदार्थाला रोझमेरीचा वास लागू नये म्हणून हा अर्क आधी निर्गंध करतात. मांस कडक आचेवर भाजताना हेटेरोसायक्लिक अमाइन्स नावाची घातक द्रव्यं तयार होतात, अर्क लावला तर ती कमी होतात हेही अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात दाखवलंय. पण हे सगळं घडतं पदार्थात. पदार्थ खवट होत नाही म्हणून तोच अर्क गिळल्यावर माणूसही तरुण राहतो, अशी उडी मारता येत नाही.

सी-१०१ काकू:
मग ह्यांच्या आठवणीचं काय?

बी-२०४ मेधाताई:
काकू, त्यावर २०१२ मध्ये एक छान प्रयोग झाला होता. सरासरी ७५ वर्षांची २८ माणसं. त्यांना टोमॅटोच्या रसातून वाळलेल्या रोझमेरी पानांची पूड दिली, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी मात्रा, आणि प्रत्येक वेळी स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. ७५० मिलिग्रॅम, म्हणजे जेवणात पडते साधारण तेवढी पूड दिली तेव्हा आठवण्याचा वेग थोडा सुधारला. ६००० मिलिग्रॅम दिली तेव्हा उलट मंदावला. चिमूटभराने बरं वाटलं आणि मूठभराने बिघडलं! आणि हा परिणाम त्या-त्या दिवसापुरता मोजलेला. महिनोन् महिने घेऊन विसरभोळेपणा गेला, असं त्यात कुठेही नाही.

त्याच वर्षी इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २० जणांना रोझमेरीचा वास भरलेल्या खोलीत बसवून वजाबाकीसारखी डोक्याची कामं दिली. ज्यांच्या रक्तात सिनिओल जास्त उतरलं त्यांची कामगिरी जास्त चांगली झाली. वास घेऊन द्रव्य रक्तात पोचतं, ही त्यातली मला फार मोलाची वाटलेली गोष्ट. पण तीही काही मिनिटांची तरतरी झाली. अल्झायमरसाठी कार्नोसिक आम्लावर गंभीर काम चालू आहे, अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेत त्याचं अधिक टिकाऊ रूप तयार करून उंदरांना दिलं, त्यांची स्मरणशक्ती सुधारली. माझं त्याकडे लक्ष आहे. पण अजून उंदरांपर्यंतच.

काका शाकाहारी आहेत ना पूर्ण? मग चष्मा आणि दुधाचे पैसे विसरताहेत तर आधी बी १२ आणि थायरॉइड तपासा. बी १२ कमी असेल तर ते भरून काढता येतं. अर्क पीत सहा महिने घालवले तर तेवढे महिने हातचे जातील, माझा जीव तिथे तुटतो. आणि काका रक्त पातळ करायची गोळी घेतात. कार्नोसिक आम्लाने रक्तातल्या प्लेटलेट चिकटण्याचं प्रमाण कमी झालेलं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून त्यांनी डॉक्टरांना न विचारता कुठलाही अर्क घ्यायचा नाही. बटाट्याच्या भाजीत चार पानं घातली तर खुशाल खाऊ देत.

ए-५०२ सायली:
ताई, केसांचं?

बी-२०४ मेधाताई:
सायली, तुझ्यासाठी नीट लिहिते गं. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळायला लागणं अगदी नेहमीचं आहे. गरोदरपणात जे केस गळायचे राहून जातात ते एकदम सुटतात. बहुतेकींचे वर्षाच्या आत आपोआप भरून येतात. म्हणून तर या काळात कुठलंही तेल लावलं तरी त्याने गुण आला असं वाटतं.

रोझमेरी तेलाचा जो प्रयोग सगळीकडे फिरतो तो २०१५ चा इराणमधला. टक्कल पडत चाललेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना रोझमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायला डोक्याला लावतात ते औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे काही फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस वाढले, जवळपास सारखेच. डोक्याला खाज मिनॉक्सिडिलवाल्यांना जास्त. ऐकायला फार छान. पण नुसतं साधं तेल लावलेला तिसरा गट त्यात नव्हताच, आणि हे आनुवंशिक टक्कल, तुझ्यासारखं बाळंतपणाचं गळणं नव्हे. त्याआधी १९९८ मध्ये स्कॉटलंडला अ‍ॅबरडीनमध्ये चाई पडलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर, सीडरवुड अशी चार तेलं एकत्र करून सात महिने मालिश. त्यात ४३ पैकी १९ जण सुधारले, साध्या तेलाच्या गटात ४१ पैकी ६. हा प्रयोग मला जास्त पटतो, पण गुण चारांतल्या कोणाचा ते कसं कळणार?

रोझमेरीच्या पाण्याच्या बाजूने मात्र असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. घरी उकळलेलं पाणी बाहेर ठेवलं की दोन दिवसांत नासतं, आणि तेच डोक्याला मारत बसतात पोरी.

बाळ अंगावर पितंय तोवर मी तुला थांब म्हणेन. युरोपच्या औषध संस्थेनेही गरोदरपणात आणि स्तनपानात रोझमेरीची औषधं घेऊ नका असंच म्हटलंय, सुरक्षिततेची पुरेशी माहितीच नाही म्हणून. बाळ तुझ्या खांद्यावर डोकं ठेवतं, केस तोंडात घालतं, हाही विचार कर. तुझं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, केव्हा तपासलं होतंस?

ए-५०२ सायली:
डिलिव्हरीच्या आधी. तेव्हा हिमोग्लोबिन कमीच होतं. लोहाच्या गोळ्या मी मध्येच सोडल्या, पोट बिघडायचं.

बी-२०४ मेधाताई:
मग ते आधी बघ. आणि हे ऐक. २००१ मध्ये तरुण मुलींच्या जेवणात रोझमेरीचा अर्क घालून बघितलं, तर अन्नातलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण ७.५ वरून ६.४ टक्क्यांवर आलं. ग्रीन टीच्या अर्काने त्याहून जास्त, १२.१ वरून ८.९. फरक छोटा आहे, पण ज्या बाईचं लोह आधीच कमी तिने केसांसाठी म्हणून जेवणाबरोबर अर्काची गोळी घेतली तर केसांना हवं तेच कमी पडायचं. पोट बिघडतं म्हणून गोळी सोडू नकोस, डॉक्टरांना सांग, दुसरी बदलून देतात.

ए-२०२ स्मिता:
ताई, माझी मुलं मोठी आहेत. मी तेल लावून बघितलं तर?

बी-२०४ मेधाताई:
तू जरूर बघ. दोन मोठे चमचे खोबरेल तेलात सहा थेंब, बास. कच्चं तेल थेट डोक्याला नाही. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांब, लाल झालं किंवा खाजलं तर सोडून दे. कार्नोसॉलची अ‍ॅलर्जी असते काहींना. सहा महिने धीर धरायची तयारी हवी. घरात कोणाला फिट येत असतील तर या तेलापासून लांबच राहा. आणि हे तेल पाण्यात टाकून प्यायचं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बी-६०३ निखिल:
ताई, बाटलीवर मागे लिहिलंय: प्रत्येक कॅप्सूलमध्ये रोझमेरी पानांचा अर्क १०:१, ५०० मिलिग्रॅम. रोज दोन.

बी-२०४ मेधाताई:
कार्नोसिक आम्ल किती ते कुठे लिहिलंय का?

बी-६०३ निखिल:
नाही. सगळीकडे शोधलं.

बी-२०४ मेधाताई:
मग हिशेब कर. १०:१ म्हणजे दहा किलो पानांतून एक किलो अर्क. एका कॅप्सूलमागे ५ ग्रॅम पान, दोन म्हणजे १० ग्रॅम. त्या ७५ वर्षांच्या माणसांची आठवण ६ ग्रॅमला मंदावली होती. अर्क आणि पूड एकसारखी नसते हे कबूल, पण पानाच्या हिशेबाने तू जेवणातल्या चिमटीच्या कितीतरी पुढे गेलास.

दुसरं असं, अन्नातल्या मिश्रकांचा विचार करणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये एक तात्पुरती मर्यादा घातली. शरीराच्या दर किलोमागे रोज ०.३ मिलिग्रॅमपर्यंत, कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल मिळून. तुझं वजन ६० धरलं तर १८ मिलिग्रॅम. तुझ्या अर्कात दहाच टक्के असेल असं समजलं तरी एका कॅप्सूलमध्ये ५० झाले. आणि किती आहे ते त्यांनी लिहिलेलंच नाही, म्हणजे तुला हिशेब करायचा मार्गही ठेवलेला नाही. मला याचा खरंच राग येतो. बाटली सीलबंद आहे तर परत कर.

बी-६०३ निखिल:
करतो. रिटर्नची मुदत उद्यापर्यंत आहे.

ए-३०१ आजोबा:
मला पित्ताशयात खडे आहेत. रोझमेरीचा चहा प्यायला तर? पोटाला बरा म्हणतात.

बी-२०४ मेधाताई:
अपचन, पोटात मुरडा यासाठी पानांचा चहा युरोपात परंपरेने चालत आलाय आणि त्यांच्या औषध संस्थेने त्याला तेवढ्यापुरती मान्यताही दिलीय. पण खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच. तुम्ही आपलं आल्याचं पाणी घ्या तूर्तास.

डी-१०३ सेक्रेटरी:
ताई, गच्चीवरच्या बागेत रोझमेरीचं रोप आहे, पण पावसात काळं पडलंय. काढून टाकू?

बी-२०४ मेधाताई:
काढू नका, मुळं कुजताहेत. कुंडी पत्र्याखाली घ्या, निम्मी माती काढून वाळू घाला, आठवडाभर पाणी नको. भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारावरचं झाड आहे ते, पुण्याचा आषाढ त्याला सोसत नाही. वरची हिरवी टोकं मला द्या, फांद्या लावून ठेवते. स्मिताला स्वयंपाकाला होतील.

सी-१०१ काकू:
मेधाताई, बहिणीला तुमचा मेसेज पाठवला. ह्यांच्या बी १२ आणि थायरॉइडसाठी उद्या सकाळी आठला लॅबवाल्याला घरी बोलावलंय. सायली, तूही तेव्हाच ये गं रक्त द्यायला. बाळाला मी घेते.

ए-५०२ सायली:
येते काकू. उपाशीपोटी यायचं का?

सी-१०१ काकू:
लॅबवाल्याला विचारून रात्री कळवते.