सेप्टिक टाकी बुजवून भुयारी गटाराची जोडणी घेण्याची सक्ती कितपत योग्य?

पेठेतला_वाडा

सर्वांना नमस्कार. आमच्या नगरपरिषदेने दोन वर्षे रस्ते खणून भुयारी गटाराच्या वाहिन्या टाकल्या. शौचालय, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी 30 दिवसांच्या आत या वाहिनीस जोडावे व सेप्टिक टाकी कायमची बंद करावी, अन्यथा नळजोडणी तोडण्यात येईल, अशी नोटीस आता घरोघर आली आहे. आमची टाकी वडिलांनी 1994 मध्ये बांधून घेतली. तिला दोन कप्पे आहेत, घरात माणसे सहा आहेत, आणि आजवर ती तीनदाच उपसावी लागली. दुर्गंधीची तक्रार कधी झाली नाही. अडचण अशी की टाकी परसात आहे आणि रस्ता समोरच्या बाजूस, त्यामुळे पाइप माजघराच्या शहाबादी फरशीखालून न्यावा लागेल. गवंड्याने सांगितलेला खर्च आमच्या चार वर्षांच्या घरपट्टीहून अधिक आहे. कायद्याने अशी सक्ती करता येते का, चालू स्थितीतील टाकीने कोणाचे काय बिघडते, आणि जोडणी घेतलीच तर जुन्या टाकीचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उतार_आणि_पातळी

माझी नोकरी पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाच्या कामांत गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. सक्तीची तरतूद जुनीच आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 231 मध्ये, महापालिकेच्या गटारापासून 100 फुटांच्या आत असलेल्या मिळकतीला जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. नगरपरिषदांना त्यांच्या 1965 च्या अधिनियमात या स्वरूपाचे अधिकार आहेत. मात्र नोटिशीत कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे आणि नळ तोडण्याचा उल्लेख त्याच कलमात बसतो का, हे अवश्य तपासा. पुष्कळदा धमकी कलमापेक्षा मोठी असते.

आता टाकीविषयी. तीस वर्षांत तीनदाच उपसावी लागली, हे आपण टाकीच्या गुणाखाली लिहिले आहे. मला त्यातच दोष दिसतो. घरगुती टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. तो साचत गेला की पाणी थांबायला जागा उरत नाही आणि मैला आला तसा पुढे जातो. टाकी उत्तम स्थितीत असली, तरी तिच्यातून निघणारे पाणी शुद्ध नसते. त्यातील सेंद्रिय भार काही प्रमाणात उतरतो, रोगजंतू मात्र बहुतांश तसेच राहतात. पुढचे काम पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याने करायचे असते, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत तो लवकर तुंबतो. म्हणून गावोगाव टाकीचा पाइप गुपचूप उघड्या गटारात सोडलेला असतो. आपल्या टाकीचा पाइप कुठे जातो, हे प्रश्नात आलेले नाही. तो गटारात जात असेल, तर बिघाड होतो आहे, फक्त तो आपल्या परसात दिसत नाही.

सक्तीमागे आणखी एक कारण आहे, जे नोटिशीत कोणी लिहीत नाही. गटाराची वाहिनी आपली आपण साफ राहावी, म्हणून भर प्रवाहाच्या वेळी पाण्याचा वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर धरून आराखडा केला जातो. निम्मी घरे जोडलीच नाहीत, तर वेग मिळत नाही, घाण तळाशी बसते आणि पहिल्याच वर्षी चेंबर तुंबतात. पण हाच युक्तिवाद नगरपरिषदेवरही उलटतो. भुयारी गटार असलेल्या गावास माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावे, असे केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेतच म्हटले आहे. पाणी तिसऱ्या दिवशी येणाऱ्या गावात कागदावरचा वेग येणार कुठून?

त्यामुळे आधी एक चौकशी करा: वाहिनीच्या शेवटी मैलाशुद्धीकरण केंद्र चालू झाले आहे का? ते झाले नसेल, तर सगळ्या गावाचा मैला एकवटून नदीत सोडण्यापलीकडे या योजनेतून काहीही साधणार नाही आणि तोवर मुदतवाढ मागण्याचा आपल्याला नैतिक अधिकार आहे. केंद्र चालू असेल, तर मात्र जोडणी घ्या.

कृष्णाकाठ

वरील प्रतिसादातील बरेचसे मान्य असूनही एक मुद्दा नोंदवतो. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील शहरी घरांपैकी 32.7 टक्के घरे गटारवाहिनीला जोडलेली होती, तर 38.2 टक्के घरांकडे सेप्टिक टाकी होती. ही सगळी घरे वाहिनीला जोडणे लहान नगरपरिषदांच्या आवाक्यातले नाही. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी दुसरी वाट धरली: मालकाच्या तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी ठरलेल्या क्रमाने उपसायची, खर्च करातून भागवायचा आणि गाळ त्यासाठीच उभारलेल्या प्रक्रिया केंद्रात न्यायचा. टाकीतून वाहणाऱ्या पाण्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही, हे खरे. तरीही सक्ती टाकी उपसण्याची करावी की ती बुजवण्याची, हा विचार रस्ते खणण्यापूर्वी व्हायला हवा होता.

दूरदेशी

मी फ्लोरिडात राहतो. येथे राज्याच्या कायद्यानुसार सार्वजनिक गटार उपलब्ध झाल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून 365 दिवसांत जोडणी घ्यावी लागते, मग टाकी व्यवस्थित चालत असली तरीही. इंडियन रिव्हर लगून या किनाऱ्यालगतच्या खाडीच्या परिसरासाठी 2023 मध्ये आणखी कडक कायदा झाला: 1 जुलै 2030 पर्यंत एकतर गटाराची जोडणी घ्यायची, नाहीतर किमान 65 टक्के नायट्रोजन काढणारी सुधारित यंत्रणा बसवायची. वाळूच्या जमिनीतून टाक्यांमधला नायट्रोजन खाडीत उतरतो, शेवाळ माजते आणि त्याच्या सावलीत पाण्याखालचे गवत मरते. वर्षभराची मुदत मिळूनही येथे लोक खर्चावरून वाद घालतात, तेव्हा 30 दिवस फारच थोडे वाटतात.

पेठेतला_वाडा

सर्वांचे आभार. काल परसातली फरशी उचलून पाहिली. टाकीचा पाइप मागच्या बोळातील उघड्या गटारातच जातो. शोषखड्डा कधी खणलाच नव्हता, हे आईला ठाऊक होते, मला नव्हते. शुद्धीकरण केंद्र चालू असल्याचे नगरपरिषदेत सांगण्यात आले. आता प्रश्न उरतो तो पातळीचा आणि जुन्या टाकीचा.

उतार_आणि_पातळी

गवंडी फरशी फोडण्यापूर्वी पातळी मोजून घ्या. 110 मिलिमीटरच्या पाइपाला साधारण 60 फुटांना 1 फूट उतार हवा. शौचालयापासून रस्त्यावरील चेंबरपर्यंत तेवढा उतार बसत नसेल, तर मोजमापासह लेखी अर्ज देऊन मागच्या बोळातून वाहिनी मागा. फक्त खर्च परवडत नाही असे लिहिलेला अर्ज बाजूला ठेवला जातो. पाइप टाकीतून न नेता टाकीला वळसा घालून थेट न्या, प्रत्येक वळणावर चेंबर घ्या, न्हाणीघराच्या पाण्याला गल्लीट्रॅप (वाहिनीतली दुर्गंधी अडवणारा पाण्याचा सापळा) बसवा आणि पावसाचे पन्हळ या वाहिनीला मुळीच जोडू नका.

जुनी टाकी मैला उपसणाऱ्या गाडीने पूर्ण रिकामी करून घ्या, चुना टाका, तळाला भोके पाडा आणि मुरूम भरून चोपून घ्या. हे सारे वरूनच करायचे आहे. भोके लांब पहारीने झाकणाच्या तोंडातून पाडता येतात. ते जमत नसेल, तर वरचा स्लॅब फोडून टाकी पूर्ण उघडी करावी लागेल. टाकीत कोणालाही उतरवू नका, मग तो कितीही अनुभवी असो आणि स्वतः तयार असो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. अशा कामासाठी माणूस उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीची पावती जपून ठेवा, जोडणी पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी ती मागितली जाऊ शकते.