किल्लारीच्या भूकंपानंतर आपला छंद पुन्हा केव्हा सुरू झाला?

प्रश्न : सोलापूरचा निवृत्त कारकून

1993 साली मी सोलापुरात एका बँकेत कारकून होतो आणि फावल्या वेळात छायाचित्रे काढून न्हाणीघरातच ती धूत असे. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन मिरवणुकीतल्या लेझमीची पंचवीस छायाचित्रे काढून मी रात्री उशिरा घरी परतलो, तेव्हा रोलमध्ये अकरा शिल्लक होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी फळीवरचे ट्रे खडखडले. मला वाटले, मांजर असावे. त्या दिवशी बँकेचे सहामाही हिशेब असल्यामुळे आम्ही रात्रीपर्यंत आकड्यांत बुडालो होतो आणि दर तासाला बाहेरून येणारा माणूस मृतांचा नवा आकडा सांगत होता. रविवारी सहकाऱ्यांबरोबर घोंगड्या घेऊन किल्लारीकडे गेलो, तेव्हा कॅमेरा गळ्यात होता, परंतु उरलेल्यांपैकी एकही छायाचित्र मी काढले नाही. तो रोल आजही न धुतलेला डबीत आहे आणि त्यानंतर मी कॅमेऱ्याला जवळजवळ सहा वर्षे हात लावला नाही. किल्लारीहून परतल्यावर नोकरी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. छंद मात्र अडून बसला. हे माझ्याच बाबतीत झाले, की इतरांचाही असाच अनुभव आहे?

उत्तर 1 : औसा तालुक्यातील पखवाजवादक

आपण निदान घरी होतात. मी त्या रात्री शेतातल्या कोठ्यावर झोपलो होतो, म्हणून वाचलो. आदल्या वर्षी, 18 ऑक्टोबर 1992 रोजी, किल्लारीला हादरा बसला होता. तेव्हा लोक काही दिवस अंगणात झोपले, मग कंटाळून आत गेले. आमच्या भजनी मंडळातले चौदाजण होते, पाच उरलो. चार दिवसांनी जवानांनी ढिगारा उपसताना माझा पखवाज बाहेर काढला. चतुर्दशीच्या भजनासाठी धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक वाळून दगडासारखी झाली होती आणि तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे तसेच होते. ती मी लगेच खरवडली नाही. भूकंपाच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला होता, पण कोणाकोणाचे पान ठेवायचे हेच कळत नव्हते. कोजागरीला काकडा बसतो. त्या वर्षी बसला नाही. पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाचजण बसलो आणि पहिल्याच अभंगाला अडलो, कारण चाल उचलणारा माणूसच गेला होता. शेवटी त्याच्या बारा वर्षांच्या मुलाने, कोणी न सांगता, ती उचलली. म्हणून माझे उत्तर : एक वर्ष आणि काही दिवस.

उत्तर 2 : बांधकाम खात्यातील माजी कनिष्ठ अभियंता

मी पडझडीच्या पंचनाम्यांवर होतो. त्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे पेन्सिलीने रेखाटणे हा माझा छंद होता. त्यांच्या दोन-दोन हात रुंद भिंतींचे मला मोठे कौतुक वाटे आणि त्याच भिंतींनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे मारली, हे सहन होईना. तरीही 'माळवद वाईट' हा सरसकट निष्कर्ष मला पटत नाही. काळे ओबडधोबड दगड मातीत रचून बाहेरची व आतली अशा दोन पडद्या उभारल्या जात आणि मधली जागा लहान दगडांनी भरली जात असे. दोन्ही पडद्यांना जखडणारे आरपार दगड नसल्यामुळे हादऱ्यात त्या सुट्या झाल्या. वर वर्षानुवर्षे वाढत गेलेला पांढऱ्या मातीचा थर होता. ज्या घरांचे छत लाकडी खांबांनी पेलले होते, तेथे भिंती ढासळूनही खांबांमधले खण उभे राहिलेले मी पाहिले. शिवाय हा सारा पट्टा त्या वेळच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता (2002 साली तो तिसऱ्यात गेला). मग गवंड्याला दोष कसा द्यावा? बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांचे सरळ रस्ते मी पुष्कळ मोजले, पण रेखाटले कधीच नाहीत. वही बंदच आहे.

उत्तर 3 : फोटो स्टुडिओचालक

रोल काळा-पांढरा असेल, तर तो दुकानातल्या यंत्रात देऊ नये. इतक्या वर्षांत फिल्म धुरकट झालेली असेल, तथापि थंड रसायनात स्वतः धुतल्यास लेझीम काही प्रमाणात दिसेल. डबी उन्हात राहिली असल्यास आशा कमी.

पुन्हा प्रश्नकर्ता

काळा-पांढराच आहे आणि डबी धान्याच्या कोठीत होती. पखवाजवाल्यांचे उत्तर वाचून दोन दिवस काही लिहावेसे वाटले नाही. रविवारी न्हाणीघराच्या खिडकीला पुन्हा काळे कापड लावून पाहतो.