मदत हवी आहे: राजधानी सातारा, पण आमच्याकडं शहर बस येत नाही. निवेदन कुणाला आणि कसं द्यायचं?

चारभिंती
सोमवारी निवेदन द्यायचंय, म्हणून घाईत लिहितोय. आमच्या भागात बस येत नाही. हद्दवाढ होऊन एवढी वर्षं झाली, घरपट्टी नगरपालिकेची भरतो, पण गाडी नाही. दोन कार्यालयांत जाऊन आलो. एकीकडं म्हणाले, विषय आमच्याकडं नाही. दुसरीकडं म्हणाले, लेखी द्या, बघू. लेखी काय द्यायचं ते कुणीच सांगेना. कुणाकडं नमुना आहे का? आईचे रिक्षाला पैसे जाऊन जाऊन झेपेना झालंय. लवकर सांगा.

मोती_चौक
भाग कुठला? आईंना जायचं कुठं असतं? किती वाजता? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. एसटीच्या मागं लागू नका. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली, देशभरात १० हजार गाड्या. नगरपालिकेनं त्यात अर्ज करावा यासाठी सह्यांची मोहीम घ्या. गाडी खाजगी कंपनीची, पैसे किलोमीटरमागं, आवाज नाही, धूर नाही. आमच्या शहराचं नाव त्यात आहे.

कासपठार
कृष्णाकाठ, ती योजना ३ लाखांच्या वरच्या शहरांसाठी आहे, तीही २०११ च्या जनगणनेप्रमाणं. तुमची तीन शहरांची महापालिका ५ लाखांची, म्हणून बसली. सातारा त्या जनगणनेत १ लाख २० हजार होता. हद्दवाढ धरली तरी बसत नाही. उगीच माणसाला वाट चुकवू नका.

कृष्णाकाठ
राज्यांच्या राजधान्यांसाठी सवलत आहे ना त्यात? सातारा राजधानीच आहे की. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली तिथंच झाला.

कासपठार
ती सवलत केंद्रशासित प्रदेश, ईशान्येकडची आणि डोंगरी राज्यं यांच्या राजधान्यांना आहे. छत्रपतींची राजधानी असल्याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्यावर गाडी मंजूर होत नाही.

चारभिंती
कृपा करून भांडू नका. भाग शाहूनगरचा वरचा अंग, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडचा. आम्ही आधी त्रिशंकू होतो, म्हणजे ना धड शहरात ना गावात, २०२० मध्ये शहरात आलो. आईला आठवड्यातून तीनदा सदर बझारला सिव्हिलमध्ये जावं लागतं. गोडोली नाक्यापर्यंत उतार आहे, जाताना चालते. येताना चढ, गुडघ्यांना जमत नाही. तिचं वय ७६.

शेंद्रेची_लेक
दादा, ७५ च्या वर असतील तर एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. आधार कार्ड दाखवायचं. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून. आईंना सांगा, जवळ कार्ड ठेवा.

मोती_चौक
ताई, त्यांच्याकडं गाडीच येत नाही, तिकिटाचा प्रश्न पुढचा.

परळीकर
मी २२ वर्षं मुंबईत बेस्टनं फिरलो, म्हणून लिहितो. गाड्या किती यापेक्षा त्या कुणाच्या आणि पैसे कशाचे मिळतात, यावर सगळं चालतं. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, १ जुलै २००४ ला एका दिवसात सगळी बस व्यवस्था बदलली. त्याआधी कंपन्या जिथं माणसं जास्त तिथंच पळायच्या, कडेच्या वस्तीला कुणी विचारायचं नाही. मग मार्ग शहरानं ठरवायला घेतले आणि कंपनीला प्रवाशामागं नव्हे, किलोमीटरमागं पैसे द्यायला सुरुवात केली. लांबच्या गाड्या निळ्या, आतल्या हिरव्या. तिकीट एकच, अर्ध्या तासात गाडी बदलली तरी नवं भाडं नाही. पहिले काही दिवस कार्डांची यंत्रं बंद पडली, महापौरांना माफी मागावी लागली, पण व्यवस्था टिकली. बेस्टनंही भाड्याच्या गाड्या घेतल्या, जुलै २०१९ ला किमान भाडं ८ चं ५ केलं, मे २०२५ ला तेच १० झालं. तिकिटाबाहेरून पैसा कुठून येणार हे आधी ठरलं नाही, तर शेवटी प्रवाशालाच भरावं लागतं.

चारभिंती
काका, माहिती चांगली आहे, पण सोमवारी मी सोल लिहून देऊ का? मला कागदावर काय लिहायचं ते हवंय.

जुना_वाहक
मी एसटीत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. सांगतो तसं करा.

साताऱ्यात शहराच्या फेऱ्या एसटीच चालवते. त्यामुळं अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावानं, प्रत विभाग नियंत्रकांना. नगरपालिकेलाही वेगळं पत्र द्या, पण त्यात गाडी मागू नका. थांब्याची जागा, रस्त्यावर आलेल्या फांद्या आणि वळणावर उभी राहणारी वाहनं, एवढंच लिहा.

"बस सुरू करावी ही विनंती" असली पत्रं गठ्ठ्यानं येतात. आगारात पहिला प्रश्न भारमानाचा, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतील. ते तुम्हीच मोजून द्या. आणि नवी गाडी मागू नका. नव्या गाडीला चालक, वाहक, शेड्यूल सगळं लागतं. गोडोली नाक्यावरून गाड्या जातातच, त्यातली सकाळची एक आणि दुपारची एक तुमच्यापर्यंत आत आणून परत न्या, असं मागा. शेड्यूलमध्ये दहा मिनिटं वाढतात, तेवढं वाहतूक निरीक्षक पाहणी करून देऊ शकतो.

दुसरं, ते फुकट प्रवासाचं. ७५ वरची ती सवलत शहरी बसला नाही. म्हणून तालुक्याच्या गावाला जाणारी साधी गाडी वळवून मिळाली तर आईंचा फायदा. हे निवेदनात लिहू नका, पाहणीला माणूस आला की तोंडी बोला.

मोती_चौक
वाहक काका, वळवलेल्या गाडीतले बाकीचे प्रवासी ओरडतील की. गावाकडच्या माणसानं का थांबायचं दहा मिनिटं?

जुना_वाहक
ओरडतील. म्हणून दोनच फेऱ्या म्हटलं. आणि ओरडा मिटतो तो वेळ पाळल्यानं. गाडी ८:१० म्हणजे ८:१० ला आली तर महिन्याभरात माणसं तिच्यावर घड्याळ लावतात. कधी आली, कधी नाही, असं झालं की पोरं दुचाकी घेतात, मग रिकामी गाडी बंद होते.

कृष्णाकाठ
दुचाकीचं खरंय. विश्रामबागला तेच झालंय. तरी माझं म्हणणं, मिडी, म्हणजे मध्यम आकाराची, ई-बस हवी.

चारभिंती
आज सकाळी ७ ते ९ कोपऱ्यावर वही घेऊन उभा राहिलो. चालत नाक्याकडं गेलेले ४७. त्यात कॉलेजची पोरं २३, एमआयडीसीत जाणाऱ्या बाया ११, बाकी म्हातारी माणसं आणि दवाखान्याचे. रिक्षा ९. उद्याही मोजतो, संध्याकाळचंही. पण वळायच्या जागेवर एक टेम्पो कायम उभा असतो. त्याचं काय लिहू?

जुना_वाहक
पोरांपैकी पास किती जण काढतील ते विचारून आकडा घाला, पासाचे पैसे आधी येतात, आगाराला ते पटतं. टेम्पोवाल्याला पत्रात घेऊ नका, शेजारी आहे. संध्याकाळी त्याच्या घरी जा, आईंना सोबत न्या.