प्रबंधासाठी एक्सेल पुरेल का?

एक्सेलचा सॉल्व्हर (सर्वोत्तम उत्तर शोधून देणारं साधन) आला की पोर्टफोलिओवरचा, म्हणजे कोणत्या शेअरमध्ये किती पैसे ठेवायचे यावरचा, प्रबंध होतो, असं म्हटलं जातं. पाच-सहा शेअरपुरतं ते पटतं. पण 50 शेअर घेतले की 1225 वेगवेगळ्या कोव्हेरियन्सचा (दोन शेअरचे परतावे किती एकत्र हलतात, त्या मापाचा) अंदाज बांधावा लागतो, आणि हाताशी फक्त 36 महिन्यांचे परतावे असतील तर महिने शेअरपेक्षा कमी पडतात आणि कोव्हेरियन्सच्या मॅट्रिक्सचा (तक्त्याचा) व्यस्त, जो वजनं म्हणजे प्रत्येक शेअरचा वाटा काढायला लागतो, निघतच नाही. सॉल्व्हर मात्र उत्तर देऊन मोकळा होतो, आणि धोका तिथेच आहे: शॉर्ट सेलिंगला (हातात नसलेले शेअर उसने घेऊन विकायला) मुभा दिलेली असेल तर जोखीम जवळपास शून्य दाखवणारा, प्रत्यक्षात निरुपयोगी पोर्टफोलिओ समोर येतो.

शेअर कमी करा किंवा साप्ताहिक परतावे घ्या, शॉर्ट सेलिंग बंद ठेवा. आणि शेवटचे 12 महिने आधीच बाजूला काढून वजनं त्यांच्यावर तपासा; हे तर टाळूच नका.