मदत हवी आहे: बिनअंड्याचं आयसिंग वाळतच नाहीये

मैत्रिणींनो, मी न्यू जर्सीत राहते. लेकीच्या वर्गात शुक्रवारी नाताळच्या कुकीज वाटायच्या आहेत. सासूबाई आल्यात, त्या अंडं खात नाहीत आणि नातीबरोबर कुकीज रंगवायची त्यांना फार हौस आहे. त्यांना नुसतं बघत बसवायचं माझ्या जिवावर येतं.

कुकीज छान जमल्या. २२५ ग्रॅम बटर, १५० ग्रॅम पिठीसाखर, ३४० ग्रॅम मैदा, अंड्याऐवजी तीन चमचे दूध. लाटून, कापून फ्रिजमध्ये गार केल्या की चांदण्यांची टोकं भाजतानाही पसरत नाहीत.

घोडं अडलंय आयसिंगवर. रॉयल आयसिंगला, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या थराला, अंड्याचा पांढरा भाग लागतो, आणि मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेलं तेच. म्हणून पिठीसाखर, दूध आणि कॉर्न सिरप कालवलं. चकाकी सुरेख आली, पण रात्रभर ठेवूनही बोटाचा ठसा उमटतो. सांताच्या टोपीचा लाल रंग तर पांढऱ्या गोंड्यात उतरला.

अंड्याच्या पांढऱ्या भागाऐवजी छोले शिजवलेलं पाणी फेटून कुणी आयसिंग केलंय का? त्याला वास राहतो का? पाव कप पाण्याला पिठीसाखर किती? आणि लाल भाग किती वेळ वाळल्यावर शेजारी पांढरा भरायचा? गुरुवारी रात्री रंगवायला बसणार आहोत, त्याआधी सांगाल का?