माशांच्या पाण्यावर टोमॅटो: झाड जोरात, पण फळाचं बूड काळं पडतंय

गच्चीवाला_पुणे
नमस्कार मंडळी, सिंहगड रोडला आमच्या गच्चीवर छोटं पॉलिहाऊस आहे, २०० मायक्रॉनचा कागद, आत हजार लिटरची टाकी, त्यात कोई मासे (आई माळकरी, त्यामुळे खायचा प्रश्नच नाही) आणि दोन ग्रो बेड (दगड भरलेले वाफे, टाकीतलं पाणी त्यातून फिरून परत टाकीत येतं), पंप टायमरवर, १५ मिनिटं चालू ४५ बंद. पालक-पुदिना एवढा येतो की सोसायटीत वाटून संपत नाही, म्हणून यंदा टोमॅटो लावला. झाडं पार डोक्याच्या वर गेलीत, पण निम्मी फुलं गळतात आणि जी धरतात त्यांचं फळ लिंबाएवढं झालं की बूड काळं पडतं, कडक आणि आत दबलेलं. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जुन्या पानांच्या कडा करपल्यात. पाणी तपासलं तर पीएच ७.८, अमोनिया ०.२५, नायट्राइट शून्य, नायट्रेट ८०. जो तो म्हणतो कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं टाक नाहीतर चुन्याची निवळी घाल. घालू का? माशांना काही व्हायला नको, आईचा जीव आहे त्यांच्यावर.

पंचगंगा_काठ
दादा चुन्याला हातसुद्धा लावू नका. तुमच्या किटमध्ये जो अमोनिया दिसतो ना तो दोन रूपांत असतो, एक माशांना फारसा त्रास न देणारा आणि एक कल्ले जाळणारा, आणि पीएच जसा वर जाईल तसा पहिल्याचा दुसरा होत जातो. आज ०.२५ वर मासे मजेत आहेत, पण निवळी ओतून पीएच एकदम साडेआठ-नऊवर गेला तर त्याच ०.२५ ला मासे वर येऊन तोंड उघडायला लागतील.

मला खटकतंय ते वेगळंच. चालू सेटअपचा पीएच आपोआप खाली यायला पाहिजे, कारण बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. आमच्याकडे तर सारखा वर ढकलावा लागतो. तुमचा ७.८ वर ठाण मांडून बसलाय म्हणजे कुठूनतरी चुनखडी मिळतेय. बोअरचं पाणी आहे का? आणि बेडमध्ये दगड कुठला आहे? चार खडे धुऊन काचेच्या ग्लासात घ्या, बाहेर मोकळ्यावर, त्यावर बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड थोडं टाका, हातमोजे घालून. फेस आला तर चोर सापडला. आपली काळी खडी फेसाळत नाही.

पिंपळगावकर
राम राम. मी शेतातला माणूस, माशांचं मला कळत नाही, पण बूड काळं पडणं आम्ही दर उन्हाळ्यात बघतो, आणि जमिनीत कॅल्शियम भरपूर असतानाही पडतं. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं, आणि ओढ असते पानांना, पान घाम गाळतं तसं फळ गाळत नाही, मग दुपारच्या तापात सगळं पानं पळवतात आणि फळाचं बूड सगळ्यात शेवटी राहतं. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत फळाकडे येत नाही हे पण लक्षात घ्या, म्हणून मुळाशी ओल कमीजास्त झाली की लगेच दिसतं. ह्या दिवसांत पंप ४५ मिनिटं बंद म्हणजे फार झालं हो, निदान दुपारी तरी १५-१५ करा.

फुलगळीचं म्हणाल तर कागदाखाली ३५ च्या वर गेलं आणि रात्रीचं पण २२-२३ च्या खाली येईना की परागच कामाचा राहत नाही, फूल देठातून सुटतं. बाजूचे पडदे पूर्ण वर करा, वरून ५० टक्के शेडनेट टाका. आणि बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून फुटणारे फुटवे) काढताय का? झाड डोक्याच्या वर गेलंय आणि फळ नाही म्हणजे नत्र भरपूर आहे आणि पालाश नाही, जुन्या पानांच्या कडा करपतात ते पालाशाचंच.

आइंडहोवनहून
पराग चांगला असला तरी बंद पॉलिहाऊसमध्ये झाड हलवायला वारा नसतो. इथल्या काचघरांत त्यासाठी भुंग्यांच्या जातीच्या मोठ्या केसाळ माश्यांच्या पेट्या ठेवतात, फुलाला लटकून गुणगुण केली की पराग सांडतो, आपल्या साध्या मधमाशीला ते जमत नाही. तुम्ही सकाळी दहा ते बाराच्या मध्ये झाड बांधलेल्या सुतळीला टिचक्या मारा, नाहीतर जुना इलेक्ट्रिक टूथब्रश फुलाच्या देठामागे सेकंदभर धरा. ऊन चढल्यावर उपयोग नाही.

बादलीवाला
सगळे माशांना वाचवा म्हणतायत, मी स्पष्ट सांगतो, टोमॅटो आणि मासे एका पाण्यात म्हणजे दोघांचीही उपासमार. टोमॅटोला पीएच ५.८ ते ६.२ आणि फळावर असताना ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) २.५ ते ३ लागतो, तेवढे क्षार माशांच्या टाकीत घालणार का? पालक थोडक्यात खूश असतो म्हणून तुमचं जमत होतं. ११-१२ लिटरच्या बादल्या घ्या, डच बकेट म्हणतात त्या, कोकोपीट नीट धुऊन भरा, कॅल्शियम नायट्रेट एका कॅनमध्ये आणि बाकी सगळं म्हणजे १३:०:४५, ०:५२:३४ (हे आकडे खतातल्या नत्र:स्फुरद:पालाशाचे), मॅग्नेशियम सल्फेट, मायक्रो म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यं हे दुसऱ्या कॅनमध्ये. दाट द्रावणात एकत्र केलंत तर तळाला पांढरा गाळ बसेल, ते जिप्सम, म्हणजे खत गेलं वाया. १९:१९:१९ घेऊ नका, त्यात युरिया असतो. अगदीच माशांचं पाणी वाया जातं असं वाटत असेल तर तेच पाणी बादल्यांना द्या आणि खत तिथे घाला, फक्त परत टाकीत सोडू नका.

गच्चीवाला_पुणे
अ‍ॅसिड टाकून बघितलं, बापरे, सोड्यासारखा फसफसला! ज्याने सेटअप बसवून दिला त्याने दिसायला छान म्हणून पांढरे मार्बल चिप्स भरलेत. पाणी कॉर्पोरेशनचंच आहे, ड्रममध्ये दोन दिवस ठेवून मग घालतो. मग आता काय, पीएच खाली आणायला फॉस्फोरिक अ‍ॅसिड घालू?

पंचगंगा_काठ
नका घालू, जेवढं घालाल तेवढं मार्बल खाऊन टाकेल आणि पीएच दुसऱ्या दिवशी जागेवर. पण एक निकाल लागला, तुमच्या पाण्यात कॅल्शियम रगड आहे, टरफलांचा विषय संपला.

चिप्स काढून काळी खडी भरा, पण एक बेड आत्ता आणि दुसरा महिन्याने, कारण बॅक्टेरिया त्या दगडांवरच राहतात, दोन्ही एकदम रिकामे केले तर अमोनिया चढेल. त्या काळात माशांना खाणं निम्मं करा. नवीन पानांचा पिवळेपणा लोहाचा आहे, लोह पाण्यात असलं तरी ७.८ ला झाडाला मिळत नाही. लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगासकट मिळतं, कृषी सेवा केंद्रात बहुतेक वेळा त्यातलं ईडीटीए वालं पुढे करतात, ते एवढ्या पीएचला टिकत नाही, ईडीडीएचए ६ टक्के मागा, हजार लिटरला साधारण ३३ ग्रॅम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम लोह. पाणी लालसर होईल, आईंना आधीच सांगून ठेवा. पालाशासाठी ०:०:५० थोडं थोडं, पिंपळगावकर म्हणतात ते खरं, माशांच्या खाद्यात ते कमीच असतं, पण एकदम जास्त झालं तर ते कॅल्शियमच्या आड येतं आणि बूड परत काळं.

आरसीसी_काका
टोमॅटोबद्दल बोलणार नाही, स्लॅबबद्दल बोलतो. जिथे माणसं जातात अशा सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) मध्ये चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. एक फूट पाणी म्हणजेच ३०० किलो झालं, आणि एक फूट ओली खडी ५०० च्या वर जाते. काळी खडी भरण्याआधी टाकी आणि बेड खालच्या भिंतीवर किंवा बीमवर येतायत का ते बघा, मध्यावर असतील तर हलवा, आणि ज्याने बिल्डिंगचं डिझाइन केलंय त्याला एकदा दाखवा. बादल्यांचं वजन त्यामानाने किरकोळ, म्हणून मला बादलीवाल्यांचं पटतं.

गच्चीवाला_पुणे
काका बरं झालं सांगितलंत, एक बेड बरोबर मधोमध आहे. तो काढूनच टाकतो, टोमॅटो बादल्यांत आणि पालक-पुदिना भिंतीकडच्या बेडमध्ये माशांकडेच. शेवटचं एक, पानाखाली पांढरी माशी दिसतेय, शेंड्याची दोन पानं आकसलीत, निंबोळी तेल मारू का?

पिंपळगावकर
पांढरी माशीच बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आणते, आकसलेलं झाड वाढवत बसू नका, उपटून पिशवीत बांधून टाका.

पंचगंगा_काठ
निंबोळी तेल टाकीजवळ नको, माशांना चालत नाही. ब्लायटॉक्स वगैरे तांब्याचं बुरशीनाशक काहीच त्या पॉलिहाऊसमध्ये नेऊ नका. पिवळे चिकट सापळे लावा आणि पडदे वर केले की तिथे ४०-५० मेशची जाळी शिवून घ्या.